पोचल्याचा शिक्का

माझा उजवा कान फार पूर्वी गेला, डावा जायच्या वाटेवर आहे, आणि दोघांवर लक्ष ठेवायचं काम माझ्या धाकट्या भावाकडे आहे. तो कान तपासतो, श्रवणयंत्रं बसवतो. मी जुनी टपालाची पाकिटं तपासते. अस्सल की नकली, एवढंच सांगायचं, आणि अस्सल असेल तर त्यावर सही द्यायची. संग्राहक मला टरकून असतात, कारण त्यांनी जिवापाड जपलेलं पाकीट मी भिंगाखाली धरते आणि दोन वाक्यांत त्यांचा विरस करते. मला त्याचं वाईट वाटत नाही. खोटं ते खोटं.

दर काही महिन्यांनी मी भावाच्या दवाखान्यात जाऊन त्या आवाजबंद खोलीत बसते. खोली कसली, कपाटच ते. भिंतींना फोम, समोर जाड काच, दार लावलं की बाहेरचं जग बंद. मी हेडफोन लावायचे आणि काचेपलीकडे तो बटणं फिरवणार. बारीक ‘टुं’ ऐकू आलं की मी बोट वर करायचं. बोट वर झालं की पुढचा आवाज तो आणखी बारीक करतो. नाही झालं तर एक पायरी वाढवतो. असं करत माझ्या कानाला किती बारीक ऐकू येतं ते त्याला कळतं. मी शाळेत कायम पहिल्या नंबरावर असलेली बाई. ऐकू येवो न येवो, बोट वर करते.

“ताई,” तो माइकवरून म्हणतो, “इथं पास व्हायचं नसतं. ऐकू येतंय का खरंच?”

“येतंय की.”

“मी अजून बटणच दाबलेलं नाही.”

त्याचं घरातलं नाव डिंक्या. रांगायच्या वयात तो हाताला लागेल ते तिकीट चाटायचा, म्हणून. आई गेली तेव्हा तो नुकता चालायला लागला होता. मी त्याला वाढवला, म्हणजे बहुतेक ओरडून ओरडून वाढवला. पाकिटावरची तिकिटं कोमट पाण्यात सोडवायला त्याला मीच शिकवलं. आमच्या घरी कुणाचं पत्र येत नसे. मग मी कोऱ्या पाकिटांवर त्याचं नाव-पत्ता लिहून ती पेटीत टाकायचे. पोस्टमनने त्याच्या नावाने हाक मारली की हा पायऱ्यांवरून धडपडत खाली. पाकीट रिकामं असायचं, पण त्याची तक्रार नसायची. आपल्याला काहीतरी पोचलं, यातच तो खूश.

त्या दिवशी कान तपासून झाल्यावर त्याने खणातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. ठेवतानाच त्याचा चेहरा लाल झाला होता.

हा जर्मन जहाजांवरच्या टपालाचा नाद त्याला बरीच वर्षं आहे. नव्वद-एक वर्षांपूर्वी महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या जर्मन जहाजांवर, धुराड्यांच्या मधल्या जागेत, एक रूळ असे आणि त्यावर पाण्यावर उतरणारं छोटं विमान. किनारा अजून खूप लांब असतानाच ते विमान दाबलेल्या हवेच्या जोरावर गोफणीतल्या दगडासारखं भिरकावून देत. विमानात टपालाची थैली. जहाज बंदराला लागायच्या आधीच पत्रं गावात पोचलेली. तेव्हाचे संग्राहकही आपल्यासारखेच खुळे. ते स्वतःच्याच नावाची रिकामी पाकिटं त्या थैलीत टाकायला लावत, फक्त शिक्क्यांसाठी.

पाकीट उत्तम होतं. फिकट पिवळा कागद, हवाई टपालाची निळी चिकटवलेली चिठ्ठी, दोन जर्मन तिकिटं, त्यांवर जहाजावरच्या टपालखोलीचा काळा गोल शिक्का. खाली तांबड्या शाईत चौकटीतला शिक्का, विमान जहाजावरून फेकल्याचा. शाई अस्सल, कागद त्या काळचा. फक्त पत्त्याची जागा कोरी होती.

“पत्ता?” मी विचारलं.

“पेन्सिलीत होता. खोडला.”

यात बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्यात ती रीतच आहे. संग्राहक पाकिटावर पत्ता मुद्दाम पेन्सिलीत लिहितो, हलक्या हाताने. एकदा ते पोचलं की पत्ता खोडून टाकायचा, म्हणजे दर्शनी बाजू स्वच्छ दिसते.

“कुणाचा होता?”

“ज्याच्या संग्रहातून आलं त्याचाच. तो घड्याळजी नव्हता का, मागे गेला तो? त्याच्या दुकानाचा पत्ता. पुतण्याने सगळे अल्बम विकायला काढले, त्यात मिळालं.”

“इतक्या जुन्या पाकिटावर स्वतःचा पत्ता लिहिणारा माणूस घड्याळं काय दुरुस्त करत असेल,” मी म्हणाले आणि पाकीट उलटं केलं.

मागची बाजू कोरी. इथं माझं मन थबकलं. टपाल जिथं पोचतं तिथलं कार्यालय मागे आपला शिक्का मारतं, पोचल्याचा. तो नव्हता. मी घरी येऊन जहाजाची तारीख माझ्याकडच्या पुस्तकांशी ताडून पाहिली. त्या दिवशी विमान जहाजावरून सुटलं होतं. ते पोचलं मात्र नव्हतं. वैमानिक, त्याचा जोडीदार, थैली, काहीच पुढे सापडलं नाही. जहाजाचं नाव मी इथं लिहीत नाही; उगाच चार खुळे त्याच्या मागे लागतील.

मी डिंक्याला फोन करून सांगितलं, “शिक्के मारून झाले आणि हे एक पाकीट थैलीत जायचं राहून गेलं असणार. जहाजावरच राहिलं, म्हणून वाचलं. अस्सल आहे, पण पोचलेलं नाही. मी त्यावर सही करणार नाही.”

“किंवा ते अजून वाटेत असेल,” तो म्हणाला आणि हसला. मीही हसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी भावजय माझ्याकडे आली. ती शाळेत गणित शिकवते, उगाच घाबरणाऱ्यांतली नाही. खुर्चीच्या टोकावर बसून तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

“ताई, यांना विमान ऐकू येतंय.”

“विमानं जातातच की वरून.”

“तसं नाही हो. एकच. लांबून घरघरत येतंय, म्हणतात. जेवताना घास हातात धरून छताकडे बघत बसतात. स्वतःचे कान तपासून घेतले दोनदा. एकदम चांगले आहेत म्हणे.” तिने बंद सोडून पुन्हा गुंडाळला. “आणि केसांना वास येतो. यंत्राच्या तेलाचा. रोज डोक्यावरून अंघोळ करतात, तरी.”

“अगं, वय होतंय त्याचं. कानात घरघर निम्म्या जगाला ऐकू येते.”

“हे तेच सांगतात पेशंटना,” ती म्हणाली. “आता स्वतःवर आलं तर सांगत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी डिंक्या स्वतः आला. वजन उतरलेलं, डोळे आत गेलेले. त्याने पाकीट टेबलावर मागची बाजू वर करून ठेवलं आणि हात मागे घेतला. कोऱ्या कागदावर खालच्या कोपऱ्यात एक कमान उमटली होती. काळ्या शाईची, गोल शिक्क्याचा एक तुकडा असावा तशी.

मी भिंग घेतलं. मग पाकीट सुलटं करून दिवा आडवा धरला. आडव्या उजेडात कागदावरचे दाब दिसतात. पत्त्याच्या जागी घड्याळजीच्या खोडलेल्या अक्षरांच्या चऱ्या होत्या, त्या मला अपेक्षितच होत्या. त्यांच्यावरून दुसऱ्या चऱ्या गेल्या होत्या आणि त्यांत पेन्सिलीचा करडा रंग नुकता भरू लागला होता. नाव माझ्या भावाचं. पत्ता त्याच्या घराचा.

मला राग आला. मनापासून आला. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे खोटे शिक्के पकडले, आणि माझ्याच हाताखाली शिकलेला माझा भाऊ माझ्यापुढे हे घेऊन बसला होता.

“डिंक्या, पोचल्याचा शिक्का नाही म्हणून मी सही देत नाही. म्हणून तूच शिक्का काढायला घेतलास?”

“ताई, मी हात नाही लावला त्याला.”

“मग काय भुताने लावला? चार बोळकी शाई आणि एक ब्रश, एवढंच लागतं. मला शिकवू नकोस.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी फार ओरडले की असाच बघायचा, न रडता.

“ठेव तुझ्याकडे,” तो म्हणाला. “कुलपात ठेव आणि बघ.”

मी पाकीट तोललं, कारण माझ्याकडे येणारी प्रत्येक वस्तू मी बारीक काट्यावर तोलते, आणि लोखंडी कपाटात बंद केलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आता शिक्का वाढणार नाही आणि भावाचं पितळ उघडं पडेल. त्या विचाराने मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

शिक्का वाढला.

दर वेळी कपाट उघडलं की कमान थोडी पुढे गेलेली असायची. वजनही वाढत होतं. कागद दमट हवेत पाणी ओढतो, म्हणून मी शेजारी ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या. त्या कोरड्याच राहिल्या आणि वजन चढत गेलं. कागद हाताला खडखडीत लागायचा. नाकाशी नेला तर खारा वास यायचा आणि त्यात जळक्या तेलाचा.

शेवटी मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जांभळा दिवा लावून पाकिटाची मागची बाजू त्याखाली धरली. पुसलेली शाई त्या दिव्यात दिसते. पहिल्या दिवशी मी तिथं दिवा धरलाच नव्हता. कोऱ्या जागेत काय बघायचं, असा आम्हा जाणकारांचा समज.

मागची बाजू कोरी नव्हतीच. एकावर एक, एकावर एक, टेबलावर कपांचे गोल डाग पडतात तसे गोल शिक्के. निरनिराळ्या गावांचे, निरनिराळ्या भाषांतले, निरनिराळ्या सालांचे. सगळे पोचल्याचे. सगळे विरून गेलेले.

मी दिवा बंद केला आणि तशीच दवाखान्यात गेले.

डिंक्याने पेशंट पाठवून दिला आणि दार लोटलं. मी त्याची माफी मागितली. मला ते जमत नाही, त्यामुळे वाक्य तीनदा अडखळलं. त्याने हात झटकला.

“तुला ऐकायचंय का?” त्याने विचारलं.

मी आवाजबंद खोलीत बसले. हेडफोन लावले नाहीत. डाव्या कानातलं यंत्र काढून त्याच्या हातात दिलं. पाकीट मांडीवर ठेवलं. त्याने दार लावलं आणि काचेपलीकडे उभा राहिला.

आधी काहीच नव्हतं. माझ्या श्वासाचाही आवाज मला येत नव्हता. मग खूप लांबून एक घरघर सुरू झाली. एकाच इंजिनाची, मध्येच दबणारी, पुन्हा वर येणारी. वाऱ्याला तोंड देत कुणीतरी चिकाटीने येत होतं. मी डावा कान हाताने दाबला. फरक पडला नाही. घरघर उजव्या कानात होती. ज्या कानात अर्ध्या आयुष्यात काही शिरलं नव्हतं, त्या कानात.

मी काचेतून भावाकडे पाहिलं. त्याने भुवया उंचावून विचारलं. मी बोट वर केलं. या वेळी खरं.

बाहेर आल्यावर मी त्याला खुर्चीत बसवलं आणि मोठ्या बहिणीच्या आवाजात सांगितलं, “हे माझ्यावर सोड. पाकीट माझ्याकडे राहील. तू त्याचा विचारही करायचा नाहीस.”

“ताई, दर दिवशी जवळ येतंय गं,” तो म्हणाला.

काही दिवसांनी शिक्क्यातलं गावाचं नाव वाचता येऊ लागलं. ते आमच्याच भागातल्या टपाल कार्यालयाचं होतं, हल्ली लिहितात त्या धाटणीत. त्याखाली तारीख. येत्या शुक्रवारची.

मी कार्यालयात गेले. तिथला पोस्टमास्तर मला ओळखतो. मी शिक्क्याचा फोटो पुढे केला.

“शिक्का आमचाच, मॅडम. ही बघा, डाव्या बाजूला कड फुटलीय ना? तशीच फुटलीय.” मग त्याने चष्मा वर केला. “पण तारीख पुढची आहे. ज्या दिवशी सूर्य उगवला नाही त्या दिवसाचा शिक्का आम्ही मारत नाही. वरून आदेश आला तर गोष्ट वेगळी.”

एरवी मी हसले असते. घरी येऊन घड्याळजीच्या पुतण्याला फोन लावला आणि काका कशाने गेले ते विचारलं.

“गेले म्हणजे वारले नाहीत हो,” तो म्हणाला. “म्हणजे काय ते कळलंच नाही. दुपारी दुकानात कामाला बसले होते. समोरचा दुकानदार सांगतो, बाहेर पडताना कुणी पाहिलं नाही. डोळ्याला लावायचं भिंग टेबलावर, घड्याळ उघडलेलं. फरशी तेवढी ओली होती. एक विचारू? त्यांना शेवटी शेवटी कानाचा त्रास होता. तुमच्याशी कधी बोलले होते का?”

मी नाही म्हणून फोन ठेवला. मग मी पाकीट स्वयंपाकघरात नेलं आणि गॅसवर धरलं. ओल्या लाकडासारखा फस्स आवाज आला आणि शेगडी विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. कागदाला डागही पडला नाही.

मी खोडरबर घेतलं आणि भावाचा पत्ता खोडला. सकाळी तो जागेवर होता, आदल्या दिवसापेक्षा ठळक. पुन्हा खोडला, पुन्हा आला. एवढं कळायला तज्ज्ञ लागत नाही. पाकिटाला पोचायचं होतं, आणि त्यासाठी त्याला पत्ता हवा होता. पोचून झालेला पत्ता ज्याने खोडला त्याचा पत्ता ते घेत होतं, आणि पोचेपर्यंत तो नुसता खोडून जात नव्हता. डिंक्याने आमच्या रीतीप्रमाणे दर्शनी बाजू स्वच्छ केली होती. तेवढंच त्याचं चुकलं होतं.

मी पत्ता तिसऱ्यांदा खोडला. पेन्सिलीला टोक केलं आणि त्या जागी माझं नाव लिहिलं, माझ्या घराचा पत्ता लिहिला. त्याला मी वाढवलाय. मला दुसरं काही सुचलंच नाही.

सकाळी माझंच नाव तिथं होतं. माझ्या उजव्या कानात घरघर चालू होती आणि उशीला तेलाचा वास येत होता. थोड्या वेळाने फोन वाजला.

“ताई, थांबलं! एकदम थांबलं. काय केलंस तू?”

“मी काय करणार? आपोआप गेलं असेल.”

“खरं सांग.”

“अरे, चांगलं झालं तर त्यातही खोट काढतोस? बायकोला घेऊन चार दिवस कुठंतरी जाऊन ये.” मी फोन ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर रडले. घाबरले होते म्हणून, आणि तो वाचला म्हणून.

शुक्रवारी मी लवकर उठले. घर आवरलं, कपाटाची किल्ली टेबलावर दिसेल अशी ठेवली, पाकीट काट्यावर ठेवलं. यंत्र कानात घातलं नाही. घरघर एवढी वाढली होती की त्यापुढे बाकी काही ऐकू येतच नव्हतं. मग बेलचा दिवा लुकलुकला. दारात डिंक्या.

“यंत्राच्या बॅटऱ्या आणल्यात,” तो म्हणाला. मी ओठांवरून वाचलं. माझ्याकडे बॅटऱ्या भरपूर होत्या, हे त्याला माहीत होतं. शिक्क्यावरची तारीखही माहीत होती; मागे फोनवर माझ्याच तोंडून गेली होती.

“आज नको, कामात आहे मी.”

“कान उघडे आहेत तुझे. यंत्र कुठंय?”

“धुतलंय.”

“यंत्र धुतात का कुणी?” तो आत आला, चपला काढल्या आणि दाराला आतून कडी घातली. टेबलाशी बसला. पाकिटाकडे त्याने पाहिलंही नाही. मला वाटलं, पत्ता मी बदललाय हे त्याला माहीत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण त्याचा चेहरा इतका निवांत होता की मला काही दिसलं नाही.

“आठवतं,” तो म्हणाला, “पोस्टमन हाक मारायचा ते? आपल्या घरात पाकीट नेहमी माझ्याच नावाने यायचं.”

“मीच टाकायचे, म्हणून.”

“ते मला तेव्हाच माहीत होतं गं. अक्षर तुझं नव्हतं का?” तो हसला. “तुझ्या नावाने कधी एक आलं नाही.”

त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

“ताई, चहा कर ना.”

चहा पिऊन त्याला घालवून देऊ, असा मी विचार केला. स्वयंपाकघरात जाऊन भांडं चढवलं.

घरघर वाढली.

पाण्यावर बारीक लाटा उठल्या. मांडणीवरचे कप एकमेकांना लागून थरथरत होते. मला त्यांचा आवाज येत नव्हता, फक्त दिसत होतं. विमान आता घराच्या वर होतं. मी ओट्याची कड धरली, डोळे मिटले आणि वाट पाहू लागले. मनात म्हटलं, ये. मी इथं आहे.

आणि घरघर थांबली.

एकदम. माझ्या कानात. मी होते तिथंच होते. ओट्याची कड माझ्या हातात होती.

मग मला कळलं.

मी धावले. खुर्ची रिकामी होती. दाराची कडी आतून लावलेली. खिडक्या बंद. चपला जिथं काढल्या तिथं, त्यांच्याशेजारी बॅटऱ्यांची पुडी.

खुर्चीखालची फरशी ओली होती. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

टेबलावर खोडरबराचा चुरा पडला होता. पाकिटावरचं माझं नाव गेलं होतं. त्या जागी त्याचं नाव होतं, त्याच्याच तिरक्या अक्षरात, घाईत लिहिलेलं. पत्ता मात्र त्याने तो बसला होता तिथला, माझ्या घराचा, लिहिला होता. मी पाकीट उलटलं. शिक्का पूर्ण होता. डाव्या बाजूची कड फुटलेली, शाई ओली.

पोलीस आले, शोधलं, भावजयीला आणि मला वेगवेगळं बसवून पुन्हा पुन्हा तेच विचारलं. माणूस कर्जात होता का, भांडण होतं का? भावजयीला मी सगळं खरं सांगितलं. ती गणिताची बाई. तिने ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्यानंतर माझ्याकडे आली नाही. मी तिला दोष देत नाही. दवाखान्याची किल्ली तिने एकाच्या हाती माझ्याकडे पाठवून दिली.

मागचा शिक्का हळूहळू फिका होत गेला. आता तो फक्त जांभळ्या दिव्यात दिसतो, सगळ्यांत वरचा. पाकिटाचं वजन पहिल्या दिवशीइतकंच झालं आहे. त्याचा पत्ता मी खोडलेला नाही. घरातलं खोडरबर मी फेकून दिलं.

काही दिवसांपूर्वी मी दवाखान्यात जाऊन त्या खोलीत बसले. दुसरं कुठं बसावं ते सुचत नव्हतं. डाव्या कानातलं यंत्र काढलं आणि समोरच्या फळीवर सोबत आणलेल्या काट्यावर पाकीट ठेवलं. काचेपलीकडे अंधार होता. यंत्रसामग्रीची वायर मी स्वतः काढून ठेवली होती.

उजव्या कानात आवाज आला. घरघर नव्हती.

टुं.

मी बोट वर केलं. विचार न करता, सवयीने.

टुं. जरा बारीक.

मी पुन्हा बोट वर केलं. आवाज आणखी बारीक झाला. त्याच्यामागे कुणीतरी माइकजवळ श्वास घेतं तसं काहीतरी होतं. मी रोज जाऊ लागले. रोज बोट वर करत होते, आणि रोज तो लांब जात होता. काल इतका बारीक आला की खरंच ऐकू आला की मी मनाने धरला, ते मला सांगता येईना. तरीही मी बोट वर केलं. इथं पास व्हायचं नसतं, हे त्याने किती वेळा सांगितलं होतं.

आज मी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि बोटं घट्ट मिटून घेतली.

बराच वेळ काही झालं नाही. मग टुं आलं, कालच्याइतकंच. मी हललेही नाही.

पुढचा आवाज एक पायरी मोठा आला. त्यानंतरचा आणखी एक.

काट्यावरचा आकडाही वाढायला लागला आहे.